भाडेकरू जोडपे विभक्त झाल्यास भाडेकराराचे काय करावे?

प्रश्न :
माझी सदनिका एका जोडप्याने भाड्याने घेतली असून करारावर दोघांच्याही सह्या आहेत. कराराची बरीच मुदत शिल्लक असताना पतीने नुकतेच कळवले की ते दोघे विभक्त होत आहेत, त्यांनी घर सोडले आहे, यापुढील भाड्याशी त्यांचा संबंध नाही आणि अनामत रकमेतला अर्धा वाटा त्यांना आताच परत हवा आहे. पत्नीला मुलासह तिथेच राहायचे आहे. मला कोणाचीही अडवणूक करायची नाही. परंतु उद्या भाडे थकले आणि दोघांनीही हात वर केले, तर मी कोणाकडे पाहायचे?

उत्तर १ :
संसार मोडला म्हणून करार आपोआप मोडत नाही. करारात संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारीचे कलम असेल, तर संपूर्ण भाडे दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते, आणि केवळ घर सोडल्याने किंवा तसे कळवल्याने पती त्यातून सुटत नाहीत. मात्र अनेक ठिकाणी संयुक्त भाडेकरूंपैकी एकाने रीतसर सूचना दिल्यास त्याचा परिणाम दोघांच्याही भाडेहक्कावर होऊ शकतो, म्हणून आलेला निरोप नेमका काय आहे, हे आधी वकिलाकडून तपासून घ्यावे.

त्यानंतर पत्नींच्या एकट्यांच्या उत्पन्नात भाडे भागते का, हे त्यांच्याशी शांतपणे बोलून पाहा. भागत असेल, तर जुना करार तिघांच्या संमतीने संपवून त्यांच्या एकट्यांच्या नावे नवा करार करणे सर्वांत स्वच्छ. भागत नसेल, तर जामीनदार घेता येतो. जुन्या करारात जामीनदार असेल, तर त्याची नव्याने सही घ्यायला विसरू नका, कारण करार बदलला की जुनी हमी टिकेलच असे नाही.

अनामत रकमेबाबत घाई नको. ती घराच्या स्थितीसाठी आणि थकबाकीसाठी असते. घराचा ताबा परत येईपर्यंत तिचे वाटे पाडण्यास घरमालक सहसा बांधील नसतो. नव्या करारात ती वर्ग करायची असेल, तर पतींकडून असे लिहून घ्या : ‘अमुक तारखेपासून माझा या घरावरील भाडेकरू म्हणून हक्क संपला असून अनामत रकमेतील माझ्या वाट्याचा हिशेब मी सहभाडेकरूशी परस्पर करीन.’ त्याच दिवशी घराची छायाचित्रे, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या नोंदवून तिघांनी सही करावी.

उत्तर २ :
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. केवळ एक भर घालतो : दोघांनाही एकच मजकूर लेखी पाठवा आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या कानावर घालू नका. कोण चुकले, हे ठरवणे घरमालकाचे काम नाही.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. पत्नींनी कुलूप बदलून मागितले आहे. ते करू का?

उत्तर १ :
पतींचे नाव करारावर असेपर्यंत स्वतःहून करू नका. त्यांचाही प्रवेशाचा हक्क अजून शाबूत आहे. मात्र मागणीमागे मारहाण किंवा धमकीची भीती आहे का, हे पत्नींना एकांतात आणि आदराने विचारा. तसे असेल, तर विषय कराराचा राहत नाही, सुरक्षेचा होतो. त्यांनी पोलिसांकडे जावे किंवा न्यायालयाकडून संरक्षण आदेश मिळवावा; पतींना घरात येण्यास मनाई करणारा आदेश मिळाल्यास त्याची प्रत ठेवून कुलूप विनाविलंब बदलून द्या, आणि त्या काळात पतींची सही मिळत नाही म्हणून नव्या कराराचा तगादा पत्नींच्या मागे लावू नका.