मित्रमैत्रिणींबरोबर क्रूझ आणि वयाची अट : तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेत स्प्रिंग ब्रेक जवळ आला, किंवा इकडे परीक्षा संपत आल्या, की कॉलेजच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्रूझचे बेत शिजायला लागतात. खोली वाटून घेतली तर खर्च आवाक्यात येतो, जेवणखाण आतच असतं आणि दर एक-दोन दिवसांनी नवं बंदर. घोडं अडतं ते वयावर. मतदान करता येतं, परदेशात एकटीनं राहून शिकता येतं, पण १९-२० वर्षांच्या दोघी मैत्रिणींना मायामीहून निघणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांवर स्वतःची खोली मिळत नाही.

मला माहीत आहे ते थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या बंदरातून सुटणाऱ्या रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियनच्या जहाजांवर खोलीत निदान एक जण २१ पूर्ण लागतो. कार्निव्हल त्याहून कडक आहे, तिथे २१ च्या आतल्यांसोबत २५ पूर्ण झालेला नातेवाईक किंवा पालक लागतो. पण तीच रॉयल कॅरिबियन सिंगापूर, बार्सिलोना किंवा साउदॅम्प्टनहून निघाली की १८ वर्षांचे चालतात. म्हणजे कंपनी एकच असली तरी बंदर बदललं की अट बदलते. हे पैसे भरायच्या आधी ठळकपणे सांगितलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. मुलांनी उन्हाळाभर काम करून साठवलेले पैसे असतात हो ते.

ज्यांनी या वयात प्रवास केला, ज्यांनी मुलांना पाठवलं किंवा पाठवलं नाही, सगळ्यांनी लिहा. कुठल्या बंदरातून गेलात आणि साधारण कधी, तेवढं नक्की लिहा, कारण या अटी बदलत असतात.

डॅलस, बीएसचं तिसरं वर्ष

आम्ही सहा जणी गॅल्व्हस्टनहून कोझुमेलला गेलो होतो, गेल्या मार्चमध्ये. चौघींना २१ पूर्ण होती, मी आणि माझी रूममेट वीस वर्षांच्या. आम्हा दोघींना एक खोली हवी होती, पण साइटवर जन्मतारखा टाकल्या की पुढचं पानच उघडेना. मग प्रत्येक खोलीत एक तरी २१ ची येईल अशी वाटणी केली आणि आम्ही दोघी दोन वेगळ्या खोल्यांत गेलो. त्याचं काही वाईट वाटलं नाही, दिवसभर सगळ्या एकत्रच असायचो.

बाहेरून शिकायला आलेल्यांसाठी एक महत्त्वाचं. वयापेक्षा कागदांची जास्त काळजी घ्या. अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोसाठी वेगळा लागत नाही, पण परत येताना गॅल्व्हस्टनला इमिग्रेशन असतंच. आय-२० वर (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) कॉलेजची प्रवासाची सही आधीच घेऊन ठेवा आणि ते मूळ कागद बोटीवर न्या, घरी ठेवू नका. आमच्यातल्या एकीची सही जुनी झाली होती. निघायच्या आदल्या आठवड्यात ऑफिसच्या दारात बसून तिनं ती मिळवली.

न्यू जर्सी, मुलीची आई

लेक १९ ची. तिच्या ग्रुपनं निवडलेल्या जहाजाला २५ च्या वरचा नातेवाईक हवा होता. मी किंवा बाबा बरोबर जायचं म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, आणि ते मला कळलं. शेवटी माझ्या भावाचा मुलगा, वय २७, तयार झाला. बुकिंग करणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमचं नातं काय? लेकीनं ‘मामेभाऊ’ कसं सांगायचं याचा विचार केला आणि सरळ ‘कझिन’ म्हणाली. चाललं.

पण सोबत जाणाऱ्याला हे नीट सांगा की ही नावापुरती सोबत नाही. जबाबदार मोठा माणूस म्हणून त्याचं नाव लागतं. मुलांनी काही गोंधळ घातला तर जाब त्याला विचारतात. आमच्या भाच्यानं पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं, रात्री कुठेही फिरा, पण खोलीत परतलात की मला मेसेज करा. मुलांनी तो शब्द पाळला. मी त्याच्या आईला फोन करून सांगितलं की मुलगा फार गुणी आहे तुझा.

ओरलँडो, आता वय २२

माझा अनुभव चांगला नाही, पण लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आम्ही तिघं, बुकिंग एका ऑनलाइन एजंटाकडून. त्याला फोनवर जन्मतारखा सांगितल्या होत्या. माझा एकविसावा वाढदिवस सहलीच्या तिसऱ्या दिवशी होता. एजंट म्हणाला, काही अडचण नाही, प्रवासात २१ पूर्ण होतात ना!

होतात, पण वय धरतात ते बोट सुटायच्या दिवशीचं. फोर्ट लॉडरडेलच्या टर्मिनलवर काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, तारखेवर बोट ठेवलं, दुसऱ्या दोघांचे पासपोर्ट मागितले आणि वरिष्ठांना बोलावलं. तिघांपैकी एकही २१ चा नाही म्हणून तिघांनाही बाजूला केलं. बॅगा आधीच हमालाकडे दिलेल्या, त्या परत मिळायला दोन तास गेले. समोर लोक टोप्या घालून, फोटो काढत आत जात होते. तिकिटाचे पैसे गेले, बंदराचा कर तेवढा परत आला. एजंटानं नंतर फोन उचलला नाही.

वयाबद्दलची हमी फोनवर कुणी दिली तर ती ईमेलवर लेखी मागा. नाही दिली तर त्याच्याकडून बुकिंग करू नका.

धागा सुरू करणारी

ओरलँडोवाले दादा, वाचून फार वाईट वाटलं. काउंटरवरच्या बाईंचा दोष नाही, पण ज्यानं जन्मतारखा ऐकून पैसे घेतले त्याचा आहेच. जहाजावर काम करणारं कुणी हा धागा वाचत असेल तर कृपया लिहा, ही अट मुळात का असते?

वसई, जहाजावर नोकरीला

ताई, मी लिहितो. बारमध्ये सुरुवात केली, आता गेस्ट रिलेशन्सच्या काउंटरवर असतो. कंपनीचं नाव घेत नाही.

या अटीचं मूळ दारूत आहे. अमेरिकेत १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर सगळ्या राज्यांत दारूसाठी वय २१ झालं. जहाजांवर झेंडा बहुतेक वेळा बहामा किंवा पनामाचा असतो, पण अमेरिकेतून निघणारे पाहुणे, तिथले आईबाप आणि तिथले वकील यांचा विचार करून कंपन्या २१ च धरतात. आशियातून किंवा युरोपातून निघालं की बारचं वय १८ होतं आणि खोलीचंही १८ होतं. दोन्ही आकडे बहुतेक जोडीनं हलतात.

आमच्या बाजूनं बघा. हॉटेलात चार मुलांनी धिंगाणा घातला तर मॅनेजर त्यांना बाहेर काढतो, ती टॅक्सी करून घरी जातात. समुद्रात घर कुठे? एखादा पोरगा पिऊन बाल्कनीच्या कठड्यावर चढला तर सिक्युरिटीला धावत जावं लागतं, आणि तो पडला तर जहाज वळवून शोध घ्यावा लागतो. मी एका रात्री असा कठड्यावर बसलेला मुलगा पाहिलाय. त्याच्या मित्रांना तो विनोद वाटत होता. सिक्युरिटीच्या माणसानं त्याला कंबरेला मिठी मारून आत ओढलं तेव्हा त्या माणसाचे हात थरथरत होते. म्हणून खोलीत एक तरी असा हवा ज्याला कंपनी ‘तू जबाबदार’ म्हणू शकेल.

बारवर जहाजानं दिलेलं कार्ड टेकवलं की आमच्या स्क्रीनवर वय दिसतं. २१ च्या मित्रानं स्वतःच्या कार्डावर घेऊन २० च्या मित्राला दिलं आणि पकडलं गेलं तर त्या मोठ्याची दारू बंद होते. प्रकरण मोठं असेल तर पुढच्या बंदरात दोघांना उतरवतात, घरी जायचं विमान स्वतःच्या खर्चानं. आणि ज्या बारटेंडरनं डोळेझाक केली त्याची नोकरी जाते. तो बहुतेक वेळा आमच्यासारखाच, वसईचा, गोव्याचा, केरळचा, नाहीतर फिलिपिन्सचा, घरी कर्जाचे हप्ते असलेला. मुलांनो, हे लक्षात ठेवा एवढीच विनंती.

एक चांगली गोष्टही सांगतो. २१ वा वाढदिवस प्रवासातच आला, आणि खोलीत दुसरं कुणी मोठं असल्यामुळे तुम्ही बोटीवर असाल, तर त्या दिवशी पासपोर्ट घेऊन आमच्या काउंटरवर या. काही कंपन्या कार्डावरचं वय तिथल्या तिथे बदलून देतात. बदलून दिलं की त्या मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला मला आवडतं.

ऑस्टिन, मूळ सांगली

आमचं लग्न झालं तेव्हा मी २० ची आणि नवरा २४ चा. त्याच्या ऑफिसातल्या मित्रांनी क्रूझ ठरवली, त्या कंपनीची २५ ची अट होती. म्हणजे नवराही ‘लहान’! पण लग्न झालेल्या जोडप्याला सूट असते, फक्त विवाहाचा दाखला दाखवावा लागतो. आपल्याकडचा नोंदणीचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत होता म्हणून भाषांतराची कटकट वाचली. काउंटरवरच्या मुलीनं दाखल्यावरचे आमचे फोटो पाहिले, माझ्या नथीकडे बोट दाखवलं आणि खूप सुंदर म्हणाली. दाखल्याची मूळ प्रत न्या, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. अमेरिकन सैन्यात असलेल्यांनाही अशी सूट असते असं तेव्हाच कळलं.

साउदॅम्प्टन

इकडून १८ ला काही प्रश्न नाही. मी १९ ची असताना वर्गातल्या मुलींबरोबर गेले. भारतीय पासपोर्टवाल्यांना स्पेन-फ्रान्सच्या बंदरांसाठी शेंगेन व्हिसा लागतो, त्याची अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो. वयाचं टेन्शन घेऊ नका, व्हिसाचं घ्या.

सिंगापूर, पदवीचं दुसरं वर्ष

मरिना बे क्रूझ सेंटरहून पेनांग-फुकेत. मी १९, बाकीचेही १८ ते २०. कुणी विचारलंसुद्धा नाही की मोठं कोण आहे. आमच्याबरोबर पुण्याहून आलेली शाळेतली मैत्रीण होती. तिला मात्र एक गोष्ट आधी तपासावी लागली : बोट सिंगापूरहून बाहेर जाते आणि सिंगापूरलाच परत येते, म्हणजे देशात दोनदा प्रवेश होतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतताना दाराशी अडकाल. माझा विद्यार्थी पास असल्यामुळे मला अडचण नव्हती.

वडिलांना पटवायला मी एकच केलं. रोज संध्याकाळी कुठे असू, बोटीवर वायफाय कुठल्या दिवशी घेतलंय, कुणाच्या खोलीत कोण, हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. बाबांनी तो कागद फ्रिजवर लावला होता, असं आई म्हणाली.

सिडनी

इथे बारावी संपली की ‘स्कूलीज’ म्हणून मुलं सुट्टीला जातात. १८ पूर्ण असूनही त्या काळात जहाजाचा विचार करत असाल तर त्या सफरीची अट वेगळी वाचा. फक्त वर्षभराचा नियम बघून ठरवू नका.

मुंबई, मुलाचा बाबा

मुलगा १९. त्याला मित्रांबरोबर मुंबई-गोवा कॉर्डेलियानं जायचं होतं. मी कंपनीला स्वतः फोन करून वयाची अट, ओळखपत्रं, खोलीत किती जण, सगळं विचारलं. त्यांनी नीट सांगितलं. दारूचं मी मुलाला वेगळं सांगितलं, महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वय २५ आहे. बंदरावर सोडायला गेलो तेव्हा त्यानं मला आत यायला सांगितलं नाही, मीही हट्ट केला नाही. माझ्या वडिलांनी मला त्या वयात अलिबागलाही एकट्याला सोडलं नव्हतं. मुलावर विश्वास टाकायला जमलं याचा मला आनंद आहे.

कोल्हापूर, वय २०

सगळ्यांचं वाचलं. सगळीकडे बोटीची अट आहे, आमच्याकडे घरची आहे. माझा भाऊ १९ व्या वर्षी मित्रांबरोबर गोव्याला बाइकवर गेला, त्याला कुणी काही विचारलं नाही. मी मैत्रिणींबरोबर सिंगापूरहून क्रूझ म्हटलं तर आजी म्हणाली, लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा. बाबा गप्प बसले. ते ‘नाही’ म्हणाले नाहीत हे मी धरून ठेवलंय. पैसे माझे आहेत, दोन वर्षं मुलांच्या शिकवण्या घेतल्यात.

सिंगापूरच्या ताईनं लिहिलेला कागद मी आजच करायला घेतलाय. पण बाबांचा खरा प्रश्न वेगळा असणार हे मला माहीत आहे : आजारी पडलीस तर बोटीवर कोण? वसईच्या दादांना विचारायचंय, जहाजावर डॉक्टर चोवीस तास असतात का, त्यांचं बिल विम्यातून मिळतं का, आणि २१ च्या आतल्या मुलीच्या उपचारांसाठी आईवडिलांची सही लागते का? उत्तर इथेच लिहा, म्हणजे मी बाबांना सरळ हे पान दाखवते.