मदत हवी आहे: सीएनजीसाठी निकेल स्पार्क प्लग की इरिडियम?

गाडी १२०० सीसी, चार सिलिंडर, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. पेट्रोलवर झकास चालते. सीएनजीवर घाट चढताना मिसफायर, म्हणजे इंधन मधूनमधून पेटतच नाही. एअर फिल्टर नवा, इग्निशन कॉइल अदलाबदल करून पाहिल्या, गॅसचं ट्युनिंगही झालं. साधे निकेल प्लग काढले तर टोकं झिजून गॅप (टोकांमधलं अंतर) वाढलेला. गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून बारीक टोकाचे इरिडियम घ्यावेत असं वाटतंय. पण मेकॅनिक म्हणतो, एका आकड्याने 'थंड', म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, प्लग टाका. त्यात एनजीके कंपनीच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम, डोकं फिरतं! रोजचं धावणं शहरातच, घाट महिन्यातून एखाद्या वेळी. हीट रेंज (प्लग किती थंड-गरम) गाडीच्या कंपनीने दिलेलीच ठेवून इरिडियमचा फक्त गॅप कमी केला तर चालेल का, आणि किती ठेवावा?