कारखान्याशेजारी कोवळी रोपं लावून धूळ खरंच अडते का?

पानगळ (धागा सुरू करणारे)
उष्ण प्रदेशात सिमेंट कारखाने, खडी क्रशर, खनिज वाहतुकीचे रस्ते यांच्या कडेला ‘धूळ शोषतील’ म्हणून रोपं लावतात. माझ्या मते पहिली काही वर्षं ती रोपं धूळ अडवत नाहीत, धूळच त्यांची वाढ अडवते. मोठ्या झाडाची खालची पानं माखली तरी शेंड्याची पानं काम करत राहतात. गुडघाभर रोपाला मोजकी पानं, आणि तीही गाड्यांमुळे उडणारी धूळ सर्वांत दाट असते त्याच उंचीवर. थर बसला की उजेड कमी पोचतो, शिवाय कोळशाची काळी धूळ ऊन शोषून पान तापवते. सिमेंटच्या धुळीत चुना असतो. पहाटेच्या दवाने ती भिजली की पानावर अल्कधर्मी खपली धरते आणि पानाचा मेणासारखा थर खराब होतो. ही खपली साध्या पावसाने सहज निघत नाही.

खोडकिडा
नाही पटलं. धुळीने पर्णरंध्रं (पानावरची हवा-बाष्पाची सूक्ष्म छिद्रं) बुजतात असं सगळीकडे सांगितलं जातं, पण आंब्यासारख्या बहुतेक उष्णकटिबंधीय झाडांची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात. धूळ मुख्यतः वर बसते. दुसरं म्हणजे, भर उन्हात पानाला गरजेपेक्षा जास्त उजेड मिळतो. त्यातला थोडा अडला म्हणून अन्न बनणं त्याच प्रमाणात घटत नाही. रोपं मरतात ती पाण्याअभावी आणि गुरांमुळे.

पानगळ
रंध्रांचा मुद्दा मी मांडलाच नव्हता. उजेडाचं म्हणाल, तर भर दुपारपुरतं ते खरं आहे. सकाळ-संध्याकाळी, ढगाळ दिवशी किंवा मोठ्या झाडांच्या सावलीतल्या रोपाला उजेडच अपुरा असतो. तिथे पातळ थरही महागात पडतो. आणि पाणी कमी असताना रंध्रं मिटतात, पानाला घाम काढून थंड होता येत नाही. त्यात धुळीने पान जास्त तापतं. तुम्ही पाणी आणि धूळ वेगळी काढता, रोपाला ती उन्हाळ्यात एकदमच सोसावी लागतात.

मातीमोल
दोघांनीही जमिनीचा विचार केलेला नाही. चुनखडीयुक्त धूळ वर्षानुवर्षं साचली की मातीचा सामू (pH) वाढतो, म्हणजे ती जास्त अल्कधर्मी होते, लोह असूनही मुळांना घेता येत नाही. मग नवी पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. पानं कितीही धुवा, ते जाणार नाही.

हिरवाई
प्रजाती नीट निवडल्या तर हा प्रश्नच येत नाही. त्यासाठी प्रदूषण-सहनशीलता निर्देशांक आहे.

पानगळ
सिंग आणि राव यांनी 1983 मध्ये मांडलेला तो निर्देशांक पानातल्या चारच गोष्टी मोजतो: अॅस्कॉर्बिक आम्ल, एकूण हरितद्रव्य, पानाच्या अर्काचा सामू आणि सापेक्ष जलांश (पूर्ण भिजल्यावर मावेल त्याच्या तुलनेत पानात किती पाणी आहे). पान खरखरीत आहे की गुळगुळीत, त्यावर लव आहे का, झाडाचं वय काय, हे त्या सूत्रात नाही. लव असलेलं पान जास्त धूळ धरतं. हरितपट्ट्याच्या दृष्टीने तो गुण ठरतो, रोपाच्या दृष्टीने ओझं. म्हणून आधी धूळ उगमापाशी रोखा: माल वाहणारे कन्व्हेयर पट्टे झाका, धूळ गाळणारे बॅग फिल्टर चालू ठेवा, रस्त्यावर पाणी मारा. कडेला आधी गवत वाढवा आणि झाडं लावाल ती रोपवाटिकेत उंच वाढवलेलीच लावा.

खोडकिडा
उगमापाशी रोखणं आणि गवत, दोन्ही मान्य. उघडी जमीन स्वतःच धूळ उडवते. पण उंच रोपांचा आग्रह चुकीचा आहे. पिशवीत जास्त काळ राहिलेल्या रोपाची मुळं आतल्या आत गोल फिरतात, जमिनीत गेल्यावरही नीट पसरत नाहीत आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते पाण्याला महाग होतं. मी लहान रोपंच लावीन, फक्त रस्त्यापासून आत, पावसाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे धूळ वाढेपर्यंत मुळं खाली गेलेली असतील.