प्रतिसाद: दाबाने अतिसंवाहकता नेहमीच मरत नाही

असं म्हटलं जातं की दाब दिला की फुलरीनच्या (६० कार्बन अणूंच्या पोकळ गोळ्यांच्या) धातूंबरोबरच्या संयुगांची अतिसंवाहकता, म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहून नेण्याचा गुण, मरते. पोटॅशियम, रुबिडियमच्या संयुगांपुरतं खरं आहे. पोटॅशियमवाल्याचं संक्रमण तापमान (ज्याखाली अतिसंवाहकता येते ते) साधारण १९ केल्व्हिन, म्हणजे उणे २५४ अंश सेल्सिअस, दाबाखाली ते घसरतं. पण सीझियमचं उलटं!

आमच्या वेंगुर्ल्याच्या खळ्यात सोललेल्या सुपाऱ्यांची रास बघा. सुपाऱ्या म्हणजे ६० कार्बनचे गोळे, मधल्या फटींत धातूचे अणू. सीझियम मोठा, गोळे लांब सरकतात, इलेक्ट्रॉन जागीच अडकतात, संयुग विसंवाहक, म्हणजे वीज न वाहणारं. सुमारे ७ हजार वातावरणांचा दाब दिला की गोळे जवळ येतात, इलेक्ट्रॉन सुटतात आणि ३८ केल्व्हिनला अतिसंवाहकता येते. हे २००८ मध्ये दिसलं. पुढे आणखी दाबलं तर मात्र संक्रमण तापमान पुन्हा उतरतं.