माणूस उचलायला हेलियमचे फुगे किती लागतील?

उनाडवारा:
माझं वजन ६० किलो. वाढदिवसाला लावतात तसले ११ इंची हेलियमचे फुगे बांधून वर जायचं तर किती लागतील? कुणी शंभर म्हणतं, कुणी लाख. आणि हायड्रोजन हेलियमच्या निम्म्या वजनाचा, म्हणजे तो भरला तर फुगेही निम्मेच पुरतील ना?

वजनकाटा:
शंभर फुग्यांत किलोभर सामान उचललं जाईल, तुम्ही नाही.

१५ अंश तापमानाला एक घनमीटर हवा साधारण १.२२ किलो भरते, तेवढाच हेलियम ०.१७ किलो. फरक १.०५ किलो, तेवढंच वजन तो उचलणार. तुमच्या फुग्यात मावतो जेमतेम १४ लिटर, म्हणजे १५ ग्रॅमचा जोर. त्यातले ३ ग्रॅम रबर खातं, थोडं दोरा. उरले ११. तुम्ही, पट्टे आणि दोर मिळून ७० किलो धरले तर साडेसहा हजारांच्या आसपास फुगे लागतील, आणि तेही नुसते तोलून धरायला. यात नुसतं रबरच वीस किलोच्या घरात जातं! त्यापेक्षा साडेपाच मीटर व्यासाचा एकच मोठा फुगा बरा.

हायड्रोजनबाबत सगळेच फसतात. उचलते ती बाजूला सारलेली हवा. आतल्या वायूचं वजन त्यातून फक्त वजा होतं. हायड्रोजनने १.०५ चे १.१४ होतात, बस्स. आत काहीच नसतं तरी १.२२ च्या वर गेला नसता. शिवाय तो पेट घेतो ते वेगळंच.

उनाडवारा:
मग चारच फुगे जास्त लावतो. वर हवा विरळ, म्हणजे कुठेतरी आपोआप थांबेन.

वजनकाटा:
खरी मेख इथेच आहे. रबर ताणतं. हवा विरळ होते तसा फुगाही फुगत जातो, साडेपाच किलोमीटरवर जवळपास दुप्पट. त्यामुळे सारलेल्या हवेचं वजन जवळपास तेवढंच राहतं आणि तुम्ही फुगे फुटेपर्यंत वर जात राहता. न ताणणारा, आधीच गच्च भरलेला फुगा असेल तरच तो एका उंचीवर थांबतो.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात लॅरी वॉल्टर्स बागेतल्या खुर्चीला हवामानखात्याचे असतात तसले चाळीसेक मोठे फुगे बांधून सुमारे १६,००० फुटांवर पोचला. छऱ्याच्या बंदुकीने काही फुगे फोडले, मग बंदूकच हातातून निसटली! उतरताना विजेच्या तारांत अडकला, पण वाचला. उतरायलाही हाच नियम लागू: एकदा खाली यायला लागलात की आपोआप थांबत नाही. म्हणून पाण्याच्या पिशव्या सोबत न्यायच्या आणि वेग वाढला की थोडं थोडं पाणी सोडायचं.

तिरकस:
जमिनीला दोर बांधला की काम झालं. एवढा काथ्याकूट कशाला?

वजनकाटा:
वारा नसेल तर ठीक. पण दोन-तीन किलोच्या जास्तीच्या जोरावर एवढा मोठा फुगा उभा धरायचाय. जरा वारा सुटला की दोर आडवा होईल आणि तुम्ही वर जायच्या ऐवजी शेजारच्या झाडात.