एफ-१६ मध्ये फक्त पंखांखालच्या इंधनाच्या टाक्या कशा सोडाव्यात?

प्रश्न: डीसीएस वर्ल्ड या विमानोड्डाणाच्या संगणकीय खेळात एफ-१६सी हे लढाऊ विमान उडवताना शत्रूचे विमान समोर आले, की मला पंखांखालच्या ३७० गॅलनच्या दोन्ही टाक्या सोडायच्या असतात, परंतु आपत्कालीन बटण दाबल्यावर बॉम्बही जातात. उपाय काय?

उत्तर: ते बटण हवेतून हवेत मारायची क्षेपणास्त्रे वगळता सारेच सोडते. त्याऐवजी मास्टर आर्म (शस्त्रांची मुख्य कळ) चालू ठेवून एसएमएस (शस्त्रव्यवस्थापनाच्या) पानावरील ‘एस-जे’ (निवडक वस्तू सोडण्याचा पर्याय) उघडावे, ४ आणि ६ ही स्थानके (पंखांखालची, टाक्या टांगलेली ठिकाणे) निवडावीत आणि शस्त्र सोडण्याचे बटण दाबावे.

आणखी एक उत्तर: बाहेरच्या टाक्यांतील इंधन आधी वापरले जात असल्याने, इंधन मापकाची कळ बाह्य टाक्यांवर फिरवून शिल्लक पाहावी, भरलेल्या टाक्या फेकणे मला तरी उधळपट्टी वाटते. बॉम्बही टाकून झाले असतील, तर कॅट-३ (जड भार असताना वळणे मर्यादित ठेवणारी स्थिती) वरून कॅट-१ (हलक्या भारासाठीची स्थिती) वर यावे, अन्यथा विमान उगाच बांधल्यासारखे वळते.

प्रश्नकर्ता: कॅटची कळ मी आजवर हलवलीच नव्हती. आभारी आहे.