प्रतिसाद : रोगाचं मूळ घरात की पगारात?

वर कुणीतरी म्हटलंय की दोन महायुद्धांमधल्या काळात इंग्लंडच्या औद्योगिक गावांत रोगराईचं मूळ गलिच्छ वस्त्या हेच होतं. घरं सुधारली की प्रकृती सुधारणारच, असं तेव्हा जवळपास सगळेच धरून चालत. पण ईशान्य इंग्लंडमधल्या स्टॉकटन-ऑन-टीज या गावाचं उदाहरण बघा.

1927 साली तिथल्या एका जुनाट वस्तीतली कुटुंबं माउंट प्लेझंट या नव्या वसाहतीत हलवली गेली. प्रत्येक घराला बाथरूम, धान्य-भाजी ठेवायला हवेशीर कपाट. आणि पुढच्या पाच वर्षांत तिथला मृत्युदर जवळपास निम्म्याने वाढला! न हललेल्या शेजारच्या वस्तीत मात्र तो कमी झाला.

आरोग्य अधिकारी डॉ. मॅगोनिगल यांनी मग घरोघरचा जमाखर्चच तपासला. नव्या घराचं भाडं जुन्याच्या जवळजवळ दुप्पट. बहुतेक घरांतला कर्ता बेकार, हातात येणारा भत्ता ठरलेला. भाडं टाळता येत नाही, तेव्हा कात्री लागायची ती दूध, अंडी, मटणाला. पोट भरायला पाव आणि बटाटे होतेच, म्हणून बाहेरून काही कळायचं नाही.

त्यात 1931 पासून मीन्स टेस्ट, म्हणजे घरातल्या सगळ्यांची मिळकत तपासून बेकाराचा भत्ता ठरवायचा. पोरगा किंवा पोरगी कमावती झाली की बापाचा भत्ता कमी. काही पोरं त्यापायी घर सोडून दुसरीकडे राहायला गेली. आता याला मदत म्हणायचं का?

तेव्हा घरं पाडू नयेत असं नाही, पण भाड्याचा आकडा बाजूला ठेवून ही चर्चा होऊच शकत नाही.